एक्केचाळिसावं वाक्य

झोपलेल्या माणसाला जागं करणं म्हणजे त्याला पुन्हा एकदा जन्माला घालणं होय, आणि ते काम सुईणीच्याच हळुवार हातांनी झालं पाहिजे, असं हॉटेलच्या मूळ मालकांचं ठाम मत होतं. ते त्यांनी चौकटीत घालून टेलिफोनच्या खोलीत टांगलंही होतं. स्वतः मालक साडेअकराला उठत. त्यांना उठवायची कोणाची छाती नव्हती. पुढे ते गेले तेही झोपेतच, आणि साडेअकरा वाजून गेल्यावरच ते घरच्यांच्या लक्षात आलं.

त्या चौकटीखाली बावीस वर्षं ताई बसत होत्या. त्यांना नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. पहाटे चार ते दुपारी बारा, कानाला हेडफोन, समोर वही. वहीत खोलीचा नंबर आणि उठायची वेळ. त्यांची पद्धत ठरलेली होती. घंटी तीनदाच द्यायची. फोन उचलला गेला की आपण बोलायचं नाही, पलीकडून "हं?" येऊ द्यायचं. मग वेळ सांगायची, मग हवा कशी आहे ते, आणि शेवटी "घाई नाही" म्हणायचं. नाव कधीही घ्यायचं नाही. अर्धवट झोपेत स्वतःचं नाव ऐकलं की माणसाला एकतर आई आठवते, नाहीतर पोलीस.

ताईंचा खरा अभ्यास त्या "हं"चा होता. फिरत्या विक्रेत्याचं "हं" बूट घातलेलं असतं. नव्या नवऱ्याचं दबक्या आवाजात येतं. आणि एक "हं" असं असतं की फोन ठेवल्याबरोबर माणूस पुन्हा झोपणार. त्याला दहा मिनिटांनी परत फोन लावायचा. नेहमीचे पाहुणे तर ताईंना चेहऱ्याने नव्हे, "हं"वरूनच ओळखू येत.

मालकांच्या माघारी कारभार धाकट्या जावयाकडे आला. तोंडावर साहेब, मागे जावईबापू. ते तीन दिवसांच्या एका शिबिराला जाऊन आले आणि आल्या आल्या जाहीर केलं, "जगात आता कोणी घंटी वाजवून उठत नाही."

"मग कसे उठतात?" ताईंनी विचारलं.

"उमलतात," जावईबापू म्हणाले.

तर प्रत्येक पलंगाच्या उशाशी एक दिवा बसला. ठरल्या वेळेआधी तो हळूहळू उजळायचा, त्यातल्या लहानशा स्पीकरमधून पाखरं किलबिलायची, आणि मग एक प्रेमळ आवाज एक वाक्य बोलायचा. वाक्यं चाळीस, त्यातलं कुठलं, ते यंत्राच्या मर्जीवर. आवाज अर्थातच ताईंचा. बावीस वर्षांचा सरावलेला आवाज घरात असताना बाहेरून कशाला आणायचा? आवाज एकदा भरून घेतला की ताईंनी पहिल्या तारखेपासून चादरींच्या खोलीत बसायचं, असंही त्याच दमात ठरलं.

आवाज भरला तोही चादरींच्याच खोलीत. टॉवेलांच्या थप्प्यांमुळे तिथे बाहेरचा आवाज येत नाही. भरणारा तारमास्तर. हॉटेलातल्या प्रत्येक वायरीचं एक टोक त्याच्या हातात असे, म्हणून हे नाव. सकाळपासून दुपारपर्यंत ताईंनी कागदावरची चाळीस वाक्यं म्हटली. "बाहेर उजाडतंय." "आजचा दिवस तुमचीच वाट बघतोय." "पडदा थोडा सरकवून बघा." तारमास्तर म्हणाला, आता यंत्र आपणहून गप्प जागा ओळखून तुकडे पाडेल, मला हातही लावावा लागणार नाही. हात न लावण्याची त्याला फार हौस होती.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या सोमवारी सहा वाजता २१४ मधले कापडाचे व्यापारी अनवाणी खाली आले. काउंटरवरच्या मुलीकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

"तुम्ही आहात?" ते म्हणाले.

"आहे की."

"मग बाकीचे कुठे गेले?"

"कोण बाकीचे?"

व्यापारी दारापर्यंत गेले, रस्त्यावर एक दूधवाला दिसला, तो नजरेआड होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले, आणि मगच वर गेले.

बुधवारी ११८ मधली बाई रडत होती. तिने ऐकलं होतं, शेजारी झोपलेल्या नवऱ्याने नव्हतं. ३०५ मधल्या आजीबाई तर पहाटेच निघून गेल्या. चष्मा उशीवर तसाच. सगळ्यांचं बोलणं एकत्र केल्यावर वाक्य असं निघालं : "उठा हळूच. सगळे गेले. तुम्हीच राहिलात."

"ती आवाजातली बाई ओरडली असती तर एक वेळ चाललं असतं," व्यापारी म्हणाले. "पण किती मायेने सांगत होती हो! डॉक्टर सांगतात तशी. आणि आणखी कोणीतरी होतं. श्वास घेत होतं. आधी वाटलं, माझाच. म्हणून मी धरून बघितला."

"मग?"

"मी धरला. ते घेतच होतं."

जावईबापूंनी ताईंना बोलावलं. टेबलावर चाळीस वाक्यांचा कागद होता.

"हे वाक्य यात नाही."

"नाही."

"यंत्रात मात्र एक्केचाळीस तुकडे आहेत."

"मला काय माहीत, साहेब?"

"आवाज कोणाचा आहे?"

"आवाज माझा आहे," ताई म्हणाल्या. "पण बोलले मी नाही."

हे वाक्य उच्चारल्यावर ते किती वाईट वाटतं हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. तारमास्तर भिंतीला टेकून उभा होता. मी तुकड्यांना हात लावलेला नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आता एकेक ऐकून बघू म्हटलं, तर यंत्राला नीट तुकडा निवडून वाजवता येत नव्हता. ते आपल्या मर्जीनेच बोलायचं. जावईबापूंनी एक अख्खी सकाळ रिकाम्या खोलीत काढली. त्यांना एकवीस वेळा उजाडल्याचं कळलं, बाकी काही नाही.

घरी ताईंचं बोलणं कमी झालं. सुट्टीच्या दिवशी यजमानांना उठवायला गेल्या तर "उठा" हा शब्द ओठावर आला आणि तिथेच थांबला. पुढे काय येईल याचा भरवसा वाटेना. त्या नुसत्याच पलंगाशी उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने यजमानांनी डोळे उघडले आणि दचकलेच.

"अगं, भुतासारखी उभी काय राहतेस? हाक मारायला काय झालं?"

"मी झोपेत बोलते का हो?"

"जागेपणी संधी देत नाहीस, झोपेत तरी मला झोपू दे," यजमान म्हणाले. मग ताईंचा चेहरा बघून उठून बसले. "नाही बोलत. निदान मी ऐकलेलं नाही."

हे 'निदान' ताईंच्या डोक्यात दिवसभर फिरत राहिलं. बावीस वर्षं आपला आवाज रोज पहाटे परक्यांच्या कानात जाऊन येत होता. एखाद्या दिवशी तो तिकडेच राहिला असेल, आणि आता त्याला जे दिसतंय ते सांगत असेल, तर? सुशिक्षित बाईने असा विचार करू नये, हे त्यांना कळत होतं. कळून उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी सोक्षमोक्ष लावला. "उद्या पहाटे ३०९ मध्ये तुम्ही एकट्या बसा. तारमास्तर खालून दर तीन मिनिटांनी यंत्र लावेल. दहा वाजेपर्यंत मला उलगडा हवा. माझ्या मते तुम्ही हे मुद्दाम केलंय, खुर्ची सुटते म्हणून. उलगडा झाला नाही तर चादरींच्या खोलीतही येऊ नका."

"बावीस वर्षं झाली, साहेब."

"म्हणूनच दहापर्यंत वेळ दिला. नाहीतर आठलाच घरी पाठवलं असतं."

पाच वाजता ताई ३०९ मधल्या पलंगाच्या कडेला बसल्या. खोलीत चारच वस्तू : पलंग, कपाट, खुर्ची आणि तो दिवा. दिवा उजळला, पाखरं बोलली, आणि ताईंचा आवाज म्हणाला, "बाहेर उजाडतंय." बाहेर काळोख होता. दिवा विझला. तीन मिनिटांनी पुन्हा. "आजचा दिवस तुमचीच वाट बघतोय." पुन्हा विझला. "पडदा थोडा सरकवून बघा." दहाव्या वेळी ताईंना स्वतःचा आवाज आवडेनासा झाला. पंधराव्या वेळी तो ओळखीचा वाटेना. "घाई नाही," असं तो इतक्या वेळा म्हणाला की कसली तरी घाई आहे आणि ती फक्त आपल्यापासूनच लपवली जातेय, अशी त्यांची खात्री झाली.

एकोणिसाव्या वेळी पाखरं थांबली आणि आवाज आलाच नाही.

आधी श्वास आला. लांब, जड, घशात अडकून सुटणारा. ताईंनी पलंगाखाली बघायचं ठरवलं आणि बघितलं नाही. श्वास त्यांच्या उजव्या हाताला होता, हातभर अंतरावर. मग त्यांचाच आवाज, पण फोनवरचा नव्हे, खालच्या पट्टीतला, वाकून कोणाच्या तरी कानाशी बोलावं तसा : "उठा हळूच. सगळे गेले. तुम्हीच राहिलात."

आणि मग एक पुरुष म्हणाला, "हं?"

दिवा विझला.

ताई अंधारात तशाच बसून राहिल्या. पण कान कामाला लागले होते; बावीस वर्षांची सवय, तिला भीती वगैरे कळत नाही. ते "हं" जागं होणाऱ्याचं नव्हतं. आपण झोपलोच नव्हतो असं भासवणाऱ्याचं होतं. शेवटाला किंचित वर चढलेलं, मान वळवल्यासारखं. हे "हं" पाहुण्याचं नव्हे. पण ऐकलेलं होतं. अलीकडेच.

त्या तीन जिने उतरल्या. चादरींच्या खोलीत यंत्राच्या शेजारी, टॉवेलांच्या थप्पीवर गाल टेकून तारमास्तर झोपला होता. लांब, जड, घशात अडकून सुटणारा श्वास. दर तीन मिनिटांनी यंत्र आपलं आपण चालू होत होतं. हात लावायची गरजच नव्हती. दाराशी जावईबापू येऊन उभे राहिले होते. त्यांनाही त्या पहाटे झोप लागली नव्हती.

ताई वाकल्या. आपण काय म्हणतोय ते त्यांना म्हणून झाल्यावरच कळलं.

"उठा हळूच," त्या म्हणाल्या.

"हं?" तारमास्तर म्हणाला.

मग ताईंना सगळं आठवलं. आवाज भरायच्या दिवशी, दुपारची जेवणाची सुट्टी. बाकीचे सगळे नोकर जेवायला गेले होते आणि तारमास्तर टॉवेलांवर लवंडला होता. जेवण चुकू नये म्हणून ताईंनी त्याला उठवलं, सवयीच्या आवाजात, आणि तेवढ्याच सवयीने विसरूनही गेल्या. यंत्र बंद करायचं काम ज्याचं होतं तो झोपला होता.

"मी झोपलो नव्हतो," तारमास्तर म्हणाला.

"ती झोप आता तीन पाहुण्यांनी ऐकलीय," जावईबापू म्हणाले.

एक्केचाळिसावा तुकडा पुसला गेला. जावईबापूंनी ताईंची माफी मागितली नाही. पहिली तारीख मात्र पुढच्या महिन्याची केली. तो महिना संपायच्या आत एक गोष्ट उघडकीला आली. ते वाक्य यंत्रात होतं तोवर पाहुणे एकमेकांना सांगून घाबरायचे आणि सगळे जण दिवा उजळायच्या आधीच उठून बसायचे. वाक्य गेलं, आणि उरलेल्या चाळीस वाक्यांनी कोणीही उठेना. लोक उमलले नाहीत. विमा कंपनीच्या शिबिराला आलेले अकरा जण पाखरांच्या किलबिलाटात साडेनऊपर्यंत घोरत राहिले आणि त्यांची बस रिकामी गेली. दुसऱ्या दिवशी दिवे चादरींच्या खोलीत गेले आणि ताई आपल्या खुर्चीवर परत आल्या. तीन घंट्या, "हं", वेळ, हवा, घाई नाही.

स्वतः ताई पहाटे तीनला उठतात. त्यासाठी त्यांच्या उशाशी दोन घंट्यांचं गजराचं घड्याळ आहे, आणि ते पुरत नाही म्हणून पितळी पातेल्यात ठेवलेलं आहे.