कव्हरवरच्या भागाबाई

“रॉक संगीताच्या इतिहासाला आज कुसुंब्याच्या शिवारात नवं वळण मिळतंय!” योगराजनं दोन्ही हात पसरून जाहीर केलं.

“वळन घे भो, पन कपाशी नको तुडवू,” भागाबाई म्हणाल्या.

योगराज जळगावच्या एका बँडचा गिटारवाला. कव्हरचं कामही त्याच्याकडेच, कारण बाकीच्या तिघांची चित्रकला पाचवीतच सुटली होती. पहिल्या रेकॉर्डचं नाव ‘चेहरा’. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र चौघांपैकी एकाकडेही नव्हतं. पण कव्हर फूटभर लांबरुंद हवं, यावर एकमत होतं.

भागाबाईंना एवढंच कळलं होतं, की आपला फोटो निघणार आणि तो चार लोक पाहणार. आधारकार्डावर त्या विस्कटल्या केसांनी छापल्या गेल्या होत्या. बँकेत ते कार्ड त्या पालथंच ठेवत. म्हणून आज सुनेनं, दिपमालानं, त्यांना ठेवणीतलं लुगडं नेसवलं होतं, केस तेल लावून चापून बसवले होते.

योगराज हिरमुसला. “अक्का, रोजचे कपडे घाला ना. आणि तिकडं बघा.”

“तिकडे? तोंड इकडे शे ना मनं!”

“तोंड नकोय. पाठ हवी.”

“आनि नाव काय म्हने तू?”

“‘चेहरा’.”

भागाबाईंनी सुनेकडे पाहिलं. “याले ऊन लागनं का व?”

“गाना म्हनतस त्या,” दिपमाला म्हणाली. “व्हस तसं कधीमधी.”

अखेर रोजचं लुगडं नेसून, पदर कमरेला खोचून त्या कापूस वेचायला वाकल्या आणि फोटो निघाला.

पंधरवड्यानं योगराज छपाईआधीचा नमुना घेऊन आला. ओट्यावर शेजारपाजार जमला. कव्हरभर पाठच पाठ. खाली कोपऱ्यात पांढरं ‘चेहरा’.

“कोन शे हाई?” शेजारच्या चुडामणनानांनी विचारलं.

“मी शे.”

“मंग तोंड कथं शे?”

“पलीकडे शे.”

योगराज समजावू लागला. या पाठीत अख्ख्या खानदेशचा चेहरा आहे. पुण्याच्या एका जाणकारानं तर तिला हात जोडले. ऐकता ऐकता नानांनी स्वतःची पाठ खाजवली.

भागाबाई मात्र एकाच जागी पाहत होत्या. आपली पाठ त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होती. खांद्याखाली झंपर चांगला बोटभर उसवलेला. किती दिवसांपासून, कोण जाणे. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी अंगावरचा पदर पाठीवरून ओढून घेतला.

“आवडलं का, अक्का?”

“चांगलं शे.” त्यांनी उसवलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि आवाज खाली आणला. “हाई नाव शे ना खाले, ते जरासं आठे सरकाडी दे, भो.”