मनगटाने न मोजलेली पावलं

साहेब, तुम्ही सिंधुबाईला कामचुकार ठरवलंत, तेही मनगटावरच्या एका पट्ट्याच्या भरवशावर!

पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये सगळ्या बायांना पावलं मोजायचे पट्टे तुम्हीच बांधलेत. सिंधुबाईची पावलं सगळ्यांत कमी भरली, म्हणून शनिवारपासून येऊ नको म्हणालात.

तिची भाची निकिता शाळेत खेळ शिकवते. शुक्रवारी तिने मावशीच्या कमरेला पावलं मोजणारं एक यंत्र अडकवलं, घोट्याला दुसरं बांधलं. सिंधुबाई द्राक्षांचं क्रेट डोक्यावर घेऊन, दोन्ही हातांनी घट्ट धरून निघाली. निकिता मागून मोजत गेली. शंभर पावलांना मनगटाने बारा दाखवली, कमरेने शहाण्णव, घोट्याने बरोबर शंभर. हात हललाच नाही, तर पट्टा मोजणार काय?

संध्याकाळी घोट्यावरचा आकडा निघाला एकवीस हजार सहाशे दहा. बाया आकडा बघायला गोळा झाल्या.

"अगं बया, येवढ्यात चालत ओझर गावाच्याबी पुढं गेली असतीस की!" सोबत काम करणारी लताबाई म्हणाली.

सिंधुबाई आपल्या भेगाळलेल्या पायांकडे बघतच राहिली. "येवढं मी चालते? रोज?"

मग तिने तिन्ही यंत्रं तुमच्या टेबलावर ठेवली. "साहेब, यातलं खरं कोणतं? आत्ताच सांगा."