आवडाबाईची इर्जिक

रझाकारांनी उचलून नेलेली आवडाबाई जिवंत परत आली, एवढाच तिचा गुन्हा. नवरा दारातच मारला गेला, त्याच्यासाठी गाव हळहळलं; हिच्या हातचं पाणी मात्र कुणी प्यायलं नाही. मेलेल्यांची दया येते हो गावाला, जगलेल्यांची अडचण होते.

पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, तरी कन्नडजवळच्या त्या गावात तिच्यापुरतं काही बदललं नाही. शेवटी कालिंदीताई नावाच्या बाईंनी तिला औरंगाबादला नेलं. अशाच होरपळलेल्या बायकांसाठी त्यांनी शहराबाहेर शेतीचं शिक्षण सुरू केलं होतं. तिथं बाया नांगर धरायच्या, तिफणीनं पेरायच्या. बाईनं औताला शिवू नये म्हणतात आपल्याकडं. निंदून निंदून तिची कंबर मोडली तर चालते.

आवडाबाईला तिफण जमेना. हातात बळ होतं, पण बियाणं सोडणारी मागून चालायची आणि पाठीशी पाऊल वाजलं की ही तिफण टाकून पळायची. सिल्लोडच्या जैनबीनं ते ओळखलं. तिचंही घर जाळलं होतं, पोलीस ॲक्शननंतर. जाळणारे दुसरे, एवढंच. मग ती मागून चालताना सारखी बडबडत राहायची, "मैंच हूँ गं आवडा, मीच हाय, चल." त्या बडबडीच्या आधारानं पेरणीचे तास, तिफणीच्या रेघा, सरळ येऊ लागले. पुढं पुढं आवडाबाई मागं न बघताच तिला उलट उत्तरं द्यायला लागली.

पेरणीच्या तोंडावर ती गावी आली आणि दिराकडं, पुंजारामकडं, नवऱ्याच्या वाट्याचं रान मागितलं. पुंजाराम चावडीवर चार माणसांत हसला.

"इर्जिक घाला की वहिनी. इर्जिकीनं रान पेरलं तर तुमचं. नाय तर मी कसतो."

इर्जिक म्हणजे औतवाल्यांनी येऊन रान पेरून द्यायचं आणि घरच्यांनी त्यांना पोटभर वाढायचं. हिच्या हातचं खाणार कोण? बेटा मोठा धूर्त. पण औत कुठल्या गावाचं, हे इर्जिकीत कुणी विचारत नाही, तेवढं तो विसरला.

ठरल्या दिवशी गावातलं एकही औत हललं नाही. उन्हं वर आली तशा कन्नडच्या वाटेनं तिफणी लादलेल्या बैलगाड्या आल्या. गाड्या कालिंदीताईंकडच्या बायाच हाकत होत्या.

गाव बांधावर गोळा झालं. आवडाबाईनं पदर खोचून तिफण धरली, मागं जैनबी. पुंजाराम आडवा आला.

"बाईनं औत धरलं, अन् ती बी असली बाई! औंदा पाऊस तोंड फिरवील. समद्या गावाच्या तोंडात माती जाईल!"

बांधावर कुजबुज सुरू झाली. इतके दिवस खाली घातलेली मान आवडाबाईनं वर केली.

"मला वढत नेलं तवा तुम्ही कणगीमागं बसला होता, भाऊजी. मी तुमच्या नावानं हाका मारल्या. त्याच आठवड्यात पेरणीचा पाऊस झाला. लई झाला. तुमच्यावर नाय रुसला, तर माझ्यावर कशापायी रुसंल?"

पुंजारामनं बांधाकडं पाहिलं. तिथं त्याची बायको द्वारकाबाई उभी होती. त्या दिवशी तीही घरातच होती.

"सरका की बाजूला," ती म्हणाली. "पेरणी खोळंबलीया."