अर्धं राहिलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना कापडी फलक आहे. फोन आला त्या सकाळी मी अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या एका घरात जेवणाच्या टेबलावर पसरलेला होतो. माझ्या कडेला सुई खोचून सुवर्णाकाकू लाल दोरा आणायला दुकानात गेल्या होत्या. तिथेच त्यांचं हृदय बंद पडलं. त्यांच्या यजमानांनी, शशिकांतकाकांनी, ते ऐकून फोन माझ्यावर ठेवला.

माझा जन्म इथल्याच एका गावात, एकशे तीस वर्षांपूर्वी झाला. तेव्हा कापसाला भाव नव्हता आणि रेल्वे मालाचं भाडं हवं तसं वाढवी. म्हणून शेतकऱ्यांनी संघटना केली. बारा शेतकरी बायकांनी पिठाची पोती जोडून मला शिवलं. घोडागाड्यांच्या मिरवणुकीत मी सर्वांत पुढे असे. लोक मला पाहून टोप्या उडवत.

पुढे संघटना मोडली. माझी घडी झाली आणि मी पेटीत गेलो. तिथे फार एकटं वाटे.

एका जुन्या घराच्या सामानविक्रीत मी काकूंना सापडलो. त्यांनी माझं अस्तर उसवलं. आत बारा बायकांची नावं होती, लाल दोऱ्याने घातलेली.

"अहो, बघा या बाया," काकू म्हणाल्या. "तेव्हा बायकांना मत द्यायची सोय नव्हती, तर इथे सह्या करून ठेवल्या."

विरलेली नावं काकू गोधडीच्या धावदोऱ्याने पक्की करू लागल्या. अकरा झाली.

परवा त्यांची मुलगी रुचा आली होती. "बाबा, आईने लायब्ररीला हा फलक द्यायचं प्रॉमिस केलंय. असाच देऊन टाका ना. नोबडी विल नोटिस."

"आई करेल," काका सवयीने म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी चष्मा लावला, मला मांडीवर घेतलं आणि सहा टाके घातले. उठायला गेले तर मीही बरोबर उठलो. त्यांनी मला स्वतःच्या लेंग्याला शिवलं होतं. ते हसले. "अगं, बघ ना," म्हणत स्वयंपाकघराकडे वळले आणि थांबले.

मग खाली बसून त्यांनी सगळे टाके उसवले.

मित्रांनो, घरातलं जुनं कापड टाकण्याआधी एकदा उलटून पाहा. ज्यांनी ते शिवलं त्यांची नावं विचारून ठेवा.

सुई पुन्हा कडेला खोचलेली आहे. बाराव्या बाईच्या, हॅरिएटच्या नावाची शेवटची तीन अक्षरं शिवायची राहिली आहेत.