उंदरांची साक्ष

प्रयोगशाळेत त्यांना सोवळेबुवा म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर सर म्हणत. ज्या जोडप्यांना मूल होत नाही त्यांची बीजं इथे एकत्र आणून भ्रूण वाढवायचे, हे बुवांचं काम. अत्तर लावून आलेल्याला ते दारातूनच परत पाठवत. एकदा नव्या रंगाचा वास येतो म्हणून खुद्द डॉक्टरीणबाईंना, म्हणजे दवाखान्याच्या मालकिणीला, त्यांच्याच केबिनमधून उठवून बाहेर बाकावर बसवलं होतं. बाई चिडल्या नाहीत. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला तो किस्सा सांगून त्यांनी चार रुग्ण जास्त मिळवले.

आता त्याच दवाखान्यात बुवांची धाकटी बहीण दाखल झाली होती. दोनदा प्रयत्न फसलेला. उरलीसुरली बीजं एवढीच, यापुढे काही नाही, असं बाईंनी तिला स्पष्ट सांगून टाकलं होतं.

"दादा, तुझ्या हातात देतेय हं," ती म्हणाली. "आणि माझ्यावर ओरडतोस तसा त्यांच्यावर ओरडू नकोस."

"तुझी आहेत म्हटल्यावर ओरडून तरी काय उपयोग?" बुवा म्हणाले. हा त्यांचा त्या वर्षातला एकमेव विनोद.

बुवांचा विश्वास माणसांवर नव्हता, उंदरांवर होता. हातमोजे, नळ्या, डिश, काहीही नवं आलं की त्याची परीक्षा उंदराचे भ्रूण घेत. एक रांग नव्या वस्तूत, दुसरी जुन्या, खात्रीच्या वस्तूत. दोन्हीकडे भ्रूणांचे टपोरे पोकळ चेंडू झाले की वस्तू पास. फक्त नव्या रांगेतले मेले, तर वस्तू विषारी. दोन्ही रांगा मेल्या, तर मात्र उंदरांचं वाण खराब, परीक्षा रद्द. एका वेळी एकच प्रश्न विचारावा, हे बुवांचं ब्रीद. घरी बायकोलाही ते एका वेळी एकच प्रश्न विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत पानावर बसत नसत. ती बिचारी अर्धपोटी नवऱ्याची बायको म्हणून शेजारीपाजारी ओळखली जाई.

त्या सुमारास नव्या डिश आल्या. भ्रूण डिशमध्ये द्रवाच्या थेंबात वाढतो आणि थेंब सुकू नये म्हणून त्यावर तेलाचा थर ओततात. नेमकी तेलाची जुनी बाटली संपली होती. नवी आली ती नेहमीच्याच कंपनीची, शिक्क्यानिशी. तिचीही परीक्षा घ्यायची होतीच. पण प्रश्न एकच विचारायचा, आणि पाळी डिशची होती. बुवांनी एक रांग नव्या डिशमध्ये लावली, एक जुन्या, आणि दोन्हींवर नवं तेल ओतलं.

दोन्ही रांगा मेल्या. पुन्हा लावल्या. पुन्हा मेल्या.

बुवांनी उंदीरवाल्याला फोनवर फैलावर घेतलं.

"साहेब, उंदीर ठणठणीत आहेत," तो म्हणाला. "आत्ताच एकाने माझा अंगठा फोडलाय. येऊन बघा."

"तुमच्यासारखाच मालही चावरा," असं म्हणून बुवांनी फोन ठेवला आणि परीक्षा रद्द झाल्याची नोंद केली.

तेवढ्यात बहिणीची बीजं तयार झाली. बीजं कुणासाठी थांबत नाहीत. परीक्षा न झालेल्या नव्या डिशला बुवांनी हातसुद्धा लावला नाही. कपाटाच्या तळाशी जुन्या डिशचं एक पाकीट त्यांनी जिवापाड जपून ठेवलं होतं. ते बहिणीसाठी फोडलं. भ्रूण त्यात ठेवले आणि वरून, मायेने, तेल ओतलं.

भ्रूण चार पेशींपर्यंत आले आणि थबकले. मग काळपट झाले, दाणेदार झाले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बुवा बघत राहिले. हे मरण त्यांच्या ओळखीचं होतं. डिश जुनी, खात्रीची, आणि उंदीर तर इथे नव्हताच. दोन्हीकडे सारखं असलेलं एकच काहीतरी फळीवर उभं होतं, पाण्यासारखं नितळ.

दुसऱ्या दवाखान्यातून खात्रीचं तेल मागून आणून त्यांनी उंदरांची आणखी एक परीक्षा घेतली. त्या तेलाखालची रांग जगली. नव्याखालची मेली.

"तुमच्या बहिणीला मी वयाचं कारण सांगितलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बीजं कमकुवत होती म्हटलं. पटलं तिला."

"बाई, तेल होतं."

"असेल. बाटली फेकून द्या. पण तेलावर खापर फोडलं तर उद्या दाराशी कोण येईल? आणि सर, बीजं चांगली होती हे तरी कुणी सिद्ध केलंय?"

ते सिद्ध करायला बीजंच उरली नव्हती.

बुवा दोन्ही रांगांचे फोटो घेऊन बहिणीकडे गेले. मेहुणा दारातच उठून उभा राहिला.

"तुझं काही चुकलं नव्हतं," बुवा बसायच्या आधीच म्हणाले. "माझ्यामुळे गेले ते. हे बघ. ही खात्रीच्या तेलातली रांग, ही आपल्या तेलातली."

"हे माझे?"

"नाही गं. उंदरांचे."

बहिणीने फोटो उलटसुलट करून पाहिले. "दादा, वासावरून माणसं परत पाठवणारा तू. तुझ्या हातून असं होईल? कुणाला सांगतोस?"

"झालंय. तेच तर सांगतोय."

"बाईंनी सांगितलं होतं, हा येईल आणि सगळं स्वतःच्या अंगावर घेईल."

"खोटं आहे ते!"

"आवाज नको चढवूस. मी सोसलंय, आता तू कशाला सोसतोस?"

मेहुण्याने डोळे पुसले. "भाऊ असावा तर असा," तो म्हणाला.

बुवांनी आणखी एकदा, पहिल्यापासून, डिश, तेल, दोन रांगा, सगळं समजावून सांगितलं. ती मान डोलावत राहिली, ताप आलेल्या पोराचं बडबडणं ऐकावं तशी. मग तिने फोटो नीट एकावर एक रचले, त्यांच्या खिशात ठेवले आणि हळूच म्हणाली,

"आईला मात्र यातलं काही सांगू नकोस हं. ती भाबडी आहे, खरं धरून बसेल."