कोडोलीच्या शालूबाई माझ्यात उभ्या होत्या

मी एक जुना लाकडी पिंजरा आहे. कोल्हापूरच्या कोर्टात आरोपीला ज्यात उभं करतात, तोच. मित्रांनो, तुम्ही वकिली शिकता, म्हणून तुम्हाला सांगतो. माझं सगळं आयुष्य भीतीच्या सोबतीनं गेलं.

सुतारानं मला सागवानातून घडवलं, तेव्हा माझ्या गोल कठड्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे त्याला घामेजलेले हात लागत गेले आणि पॉलिश उडालं. आता माझा एक पाय डुगडुगतो. आतला माणूस थरथरला की मीही थरथरतो. दुरुस्तीचं कुणाच्या मनात येत नाही.

सर्वांत जास्त भ्यालो, ते शालूबाईंच्या खटल्यात.

कोडोलीच्या या शेतकरी बाई. त्यांचा दीर धैर्यशील दुपारी उन्हातून घरी आला. शालूबाईंनी फळीवरची कोल्ड्रिंकची बाटली काढून त्याला पेला भरून दिला. त्या बाटलीत तणनाशक होतं. नवऱ्यानं, सयाजीनं, ते ओतून ठेवलं होतं. आठवड्याभरात धैर्यशील दवाखान्यात वारला. भावाभावांत बांधावरून वाद होता, त्यामुळे बाईनं मुद्दाम विष पाजलं असं गावानं ठरवून टाकलं. खुनाचा खटला उभा राहिला. बाटलीत काय आहे हे शालूबाईंना माहीत होतं का, एवढ्यावरच सगळं अडलं होतं.

कळंब्याच्या तुरुंगातून पोलीस त्यांना आणायचे. व्हरांड्यात लोक म्हणायचे, "फाशीच द्या की हिला." आत त्यांची नखं माझ्या कठड्यात रुतायची. तो बाहेरचा राग दार ढकलून आत आला तर, या विचारानं माझे खिळे सैल व्हायचे.

एकदा लॉ कॉलेजची मुलं खटला बघायला आली. न्यायाधीश अजून बसले नव्हते. जयसिंगपूरच्या दानेश्वरीनं आपल्या प्राध्यापकांना, मृत्युंजय सरांना, हळूच विचारलं, "सर, पेला तर यांनीच दिला. मग सुटणार कशा?"

"नुसत्या हातानं गुन्हा होत नाही," सर म्हणाले. "मनात काय होतं, तेही बघायचं. यांना माहीत होतं हे सरकारी वकिलांनी सिद्ध करायचं. आपण निर्दोष आहोत हे यांनी सिद्ध करायचं नाही."

"आणि नवी न्यायसंहिता तर या घटनेनंतर आली," दानेश्वरी म्हणाली.

"म्हणून जुनी दंडसंहिताच लागणार. घटना घडली त्या दिवशी जो कायदा होता, तोच. संविधानच तसं सांगतं. अर्थ लावताना वरच्या कोर्टांचे निकाल बघायचे. व्हरांड्यातल्या बोलण्याला त्यात कुठंच जागा नाही."

तेवढ्यात न्यायाधीश येऊन बसले आणि साक्षीला वर्षाराणी आली. धैर्यशीलची विधवा. शालूबाईंनी गार पडलेल्या हातांनी माझा कठडा घट्ट धरला. या बाईनं एक शब्द वाकडा टाकला असता, तरी सगळं संपलं असतं.

शालूबाईंच्या वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी आणखी कुणाला पेला भरला होता?"

वर्षाराणीनं पदर सावरला. मग म्हणाली, "व्हय. तिच्याच पोरीला भरलावता. ह्यांना ठसका लागला आन् समदी तिकडं धावली, म्हणून पोरगी प्यायची ऱ्हायली." शालूबाईंकडे बोट करून ती पुढं बोलली, "मला हिचा राग हाय. पर खोटं न्हाय बोलनार."

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी सांगितलं, की जिनं स्वतःच्या पोरीलाही त्याच बाटलीतून पेला भरला, तिला आत विष आहे हे माहीत होतं असं सिद्ध झालेलं नाही. शालूबाई निर्दोष सुटल्या. पण त्या जागच्या हलल्याच नाहीत. महिला पोलिसानं माझं दार उघडलं, तरी विचारत राहिल्या, "जाऊ न्हवं मी? खरंच जाऊ?"

मित्रांनो, उद्या तुम्ही काळा कोट घालून माझ्यासमोर याल. आत उभ्या माणसाला निकालाआधी गुन्हेगार म्हणू नका. माझ्यातून खरे खुनीही गेले आहेत. त्यांचे हातही असेच गार होते. इतकी वर्षं ते हात धरूनही मला फरक ओळखता आलेला नाही. वर्षाराणी बोलेपर्यंत मीसुद्धा खुनी समजून शालूबाईंना घाबरत होतो.