तुतीच्या सावलीची हद्द

‘नकाशाची संपूर्ण तपासणी करण्यात आली असून त्यात कोणतीही आकृती दुसऱ्या कोणत्याही आकृतीवर चढलेली नाही. सबब, सार्वजनिक बागेच्या हद्दीबाबत कोणताही वाद अस्तित्वात नाही.’

हे विधान प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या थोरल्या बहिणीच्या परसाच्या भिंतीवर ठोकण्यात आले होते. खाली बारीक अक्षरांत पुरवणी होती: येत्या सोमवारी बागेचे कुंपण सरळ करण्यात येईल, तोवर परसातील सामान हलवावे. सामान म्हणजे ताईचे लाकडी दाब, वाळत ठेवलेली पुस्तके आणि एक तुतीचे झाड. ताई पुस्तकबांधणी करते. नुकती खळ लावलेली पुस्तके उन्हात ठेवली तर पुठ्ठे वाकतात, बंद खोलीत ठेवली तर बुरशी धरतात. त्यांना वारा लागतो आणि झाडाची हलती सावली लागते. परस गेले की तिचे काम गेले, आणि काम नसलेल्या ताईची कल्पना तिच्या शत्रूंनाही करवणार नाही.

विधानाचे पहिले वाक्य खरे होते, आणि सगळी मेख तिथेच होती. गावातल्या घरांच्या हद्दी जुन्या मोजणीवरून आलेल्या. बागेची हद्द विमानातून काढलेल्या छायाचित्रावरून. दोन वेगळ्या काळांत, दोन वेगळ्या उंचींवरून पाहिलेल्या रेघा एकमेकींना कुठेही न शिवता शेजारी बसल्या, असे आजवर एकाही नकाशात घडलेले नाही. जुने नकाशे वाचण्यात माझी हयात गेली. त्यांत नद्या शेतांतून जातात, वाड्या डोंगरांवर चढतात, आणि त्या भांडणातूनच खरे काय ते कळते. ज्या नकाशात भांडण मुळीच नाही, तिथे कुणाचे तरी तोंड आधीच दाबलेले असते. म्हणजे गावाच्या नकाशा विभागाच्या कार्यालयाने प्रथम एका आकृतीचा भाग कातरून काढला, मग कुठेच काही चढलेले नाही हे समाधानाने पाहिले, आणि त्या समाधानालाच पुरावा म्हणून भिंतीवर टांगले. उरला ‘सबब’ हा शब्द. सरकारी लेखनात त्याच्याइतके ओझे दुसरा कोणताही शब्द वाहत नाही, आणि त्याच्याइतका रिकामाही कोणी नसतो.

मी पोचलो तेव्हा सगळे परसातच चहा घेत बसले होते. सूनबाई, म्हणजे माझ्या भाच्याची बायको, गावाच्या नकाशा विभागातच काम करते. ती भिंतीला पाठ टेकून, मांडीवर बशी धरून नोटीस पुन्हा वाचत होती आणि माझ्याहूनही तापली होती.

“कुठल्या गाढवाने केलंय हे?”

“तुमच्याच गोठ्यातलं असणार,” ताई म्हणाली.

“आई, चेष्टा नका करू. मी शोधून काढते त्याला. तुमच्यासमोर आणून उभं करते.”

“उभं कशाला? बसव. पुठ्ठे कापायला माणूस हवाच आहे मला.”

“आणि त्याची नोकरी?” भाचा म्हणाला.

“पुठ्ठा वाकडा कापला तर निदान पुठ्ठाच जातो,” ताई म्हणाली. “बाकी काय ते तुझा मामा बघेल. चिडला की त्याची भाषा फार शुद्ध होते. बघ, आता किती शुद्ध बोलतोय.”

मी एक अक्षरही बोललो नव्हतो. ती मला लहानपणापासून ओळखते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई, ताई आणि मी एकत्रच कार्यालयात गेलो. सूनबाई आपल्या टेबलाशी गेली. आम्हाला विभागप्रमुखांसमोर बसवण्यात आले. ते मृदू, स्वच्छ आणि चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे गृहस्थ होते. अशा माणसावर रागावणे कठीण असते. मला जमले.

“एकावर एक चढलेल्या आकृत्या यंत्राने साफ केल्या,” ते म्हणाले. “माणसाचा हात लागलेला नाही.”

“यंत्राने कोणाची बाजू कातरायची हे कसं ठरवलं?”

“नियमाने.”

“नियम कोणी सांगितला?”

“तो असतोच हो त्याला.”

“साहेब, त्याला काहीही नसतं. माणूस एक आकृती निवडतो. ती निवडलेली आकृती म्हणजे कात्री. मग यंत्र विचारतं: हिच्याखाली जे सापडेल ते राखून ठेवू, की टाकून देऊ? माणूस ‘टाकून द्या’ म्हणतो. बाग निवडली तर घर कापलं जातं, घर निवडलं तर बाग. दोन्ही वेळा नकाशा सारखाच नीटनेटका दिसतो. तेव्हा मला नीटनेटकेपणा दाखवू नका. कातरण्याआधीचे दोन थर दाखवा.”

“ते बाहेरच्यांना दाखवत नाहीत.”

“मग मी बाहेरची ना?” ताई म्हणाली. “परस माझं, तुती माझी, नोटीस माझ्या भिंतीला. यात बाहेरचं कोण आहे ते तरी सांगा, म्हणजे त्यांना उठवते.”

विभागप्रमुखांनी चष्मा सापडल्याचा आनंद पुढे करून थोडा वेळ काढला आणि मग सूनबाईच्या टेबलाकडे हात केला. मूळ फाइली तिच्याच संगणकावर होत्या.

तिने घरांचा मूळ, न कातरलेला थर उघडला. त्यावर बागेचा मूळ थर ठेवला. दोन आकृत्या जिथे एकमेकींवर पडत होत्या, तो तुकडा तिने तांबडा केला. सरळ रेषांच्या त्या नकाशात तो तुकडा विचित्र दिसत होता: गोलसर, कडेला दातेरी, बागेतून घराकडे झुकलेला. कुंपण असे नसते. भिंतही अशी नसते. माझ्या मनात या तुकड्यावर एक छोटे, तळटिपांसकट व्याख्यान तयार होते. ते सुरू करणार इतक्यात सूनबाईने खाली छायाचित्र लावले आणि ती पडद्यावर वाकली.

तांबडी कड पानांच्या कडेवर तंतोतंत बसली होती. बागेतली मोठी झाडे आणि आमची तुती यांचे शेंडे वरून एकच हिरवी गादी झाले होते, आणि ती रेघ ओढणाऱ्याने फांदीन् फांदी जपत, विलक्षण मन लावून ओढली होती. इतके सुबक चुकीचे काम मी क्वचितच पाहिले आहे.

“अगंबाई,” सूनबाई पुटपुटली. तिने माऊस सोडला. “ही तर आपली तुती.”

आपले घर कुणी वरून पाहिलेले नसते. तिने गावभरच्या छपरांवरून महिनोन्‌महिने बोट फिरवले होते, छपरांना क्रमांक होते, आणि आपल्या छपराचा क्रमांक पाठ असणारी माणसे जगात फार नाहीत.

ताई तिच्या खुर्चीमागे उभी होती. तिने पडद्याकडे पाहिले, सुनेच्या मानेकडे पाहिले.

“सापडलं का गं गाढव?”

“सापडलं, आई.”

“उभं करणार होतीस.”

सूनबाई खरोखरच खुर्चीतून उठून उभी राहिली. ताईला इतके हसू आले की तिला त्याच खुर्चीत बसावे लागले. शेजारच्या टेबलांवरची माणसे वळून पाहू लागली. माझा राग, जो मी प्रवासभर उत्तम थंड ठेवला होता, त्याला आता कुणाच्याच अंगावर जायला जागा उरली नव्हती.

“दुरुस्तीसाठी समिती नेमावी लागेल,” विभागप्रमुख म्हणाले.

“नाही लागत, सर,” सूनबाई उभ्या उभ्याच म्हणाली. “रेघ चुकली की जिने ओढली तिनेच कारण लिहून दुरुस्त करायची. हा आपलाच नियम आहे.”

“बस आधी,” ताई खुर्ची रिकामी करत म्हणाली. “उभ्याने हात हलतो. पुन्हा काही कापशील.”

सूनबाईने कातरलेला तुकडा घराला परत जोडला. मग या वेळी घर निवडले आणि त्याच कात्रीने बागेचा आगंतुक भाग काढून टाकला. तांबडा डाग नाहीसा झाला. नकाशात पुन्हा काहीही कशावर चढलेले नव्हते, फक्त आता तो खराही होता. यंत्राने शेवटी कारण विचारले. ते भरल्याशिवाय दुरुस्ती जतन होत नाही, आणि दुरुस्ती जतन झाल्याशिवाय सोमवारचे कुंपण थांबत नाही.

“‘तांत्रिक कारणास्तव’ लिहा,” विभागप्रमुख हळूच म्हणाले. त्यांना तिची काळजी होती, हे मला मान्य करावे लागेल. “कुणाचं नाव यायला नको.”

सूनबाईने ते दोन शब्द लिहिले. त्यांच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मी काहीही म्हणालो नाही. ताईच्या मते माझे ते न बोलणेही फार शुद्ध भाषेत होते. तिने दोन्ही शब्द पुसले आणि न थांबता लिहीत गेली. शेवटच्या ओळींपाशी विभागप्रमुखांनी “अहो, हा शब्द अभिलेखात…” असे म्हणून पाहिले, पण तोवर तिने जतनाचे बटण दाबले होते.

भिंतीवरची पिशवी सोमवारच्या आधीच निघाली. तिथे आता ताईने या नोंदीची प्रत लावली आहे, जाड पुठ्ठ्यावर, कडांना कापडी पट्टी लावून. ती मी येथे जशीच्या तशी देतो:

‘छायाचित्रात हिरवं दिसलं ते सगळं बाग समजून मी रेघ ओढली. त्यात आमच्या सासूबाईंची तुती होती. भिंत पानांखाली होती, म्हणून मला दिसली नाही. रोज मी तिलाच टेकून चहा पिते. मग मी बाग निवडली, “टाकून द्या” दाबलं, आणि आमचंच परस कातरून टाकलं. यंत्राचा काही दोष नाही. ज्या गाढवाने हे केलं त्याला शोधून देईन असा शब्द मी आईंना दिला होता. दिलं शोधून.’